रुग्णालय कधी रिकामे करायचे?

तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळ पोहोचायला दोन-एक दिवस असताना, मे २०२१ च्या मध्यावर, महापालिकेने वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड इथल्या जम्बो कोविड केंद्रांतले ५८० रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांत हलवले. दिवस दुसऱ्या लाटेचे. ऑक्सिजनच्या एकेका खाटेसाठी लोक रात्ररात्र फोन लावत होते. वादळ थेट मुंबईवर येणार नाही, किनारा धरून गुजरातकडे जाईल, असा अंदाज होता आणि झालेही तसेच. तरी १७ मे रोजी शहरात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे सुटले आणि मे महिन्यात कधी पडला नव्हता एवढा पाऊस पडला. तात्पुरत्या मांडवांतून काढलेले ते ५८० जण तेव्हा पक्क्या छपराखाली होते. या निर्णयाची आज फारशी कुणाला आठवण नाही. रुग्णालय वेळेवर रिकामे केले की त्याची बातमी एक दिवस टिकते. उशीर झाला की चौकशी समिती नेमली जाते.

आपत्तीत रुग्णालय कधी सोडायचे हा प्रश्न वरवर धाडसाचा किंवा करुणेचा वाटतो. खरे तर तो बराचसा हिशेबाचा आहे. एका बाजूला ही इमारत वीज, पाणी, ऑक्सिजन आणि हवा पुरवत आणखी किती तास तग धरेल. दुसऱ्या बाजूला ती रिकामी करायला किती तास लागतील. पहिल्यातून दुसरे वजा केले की उरतो तो विचार करायला मिळणारा वेळ. अमेरिकेतल्या आरोग्यसेवा संशोधन संस्थेने २०१० साली रुग्णालयांसाठी या निर्णयाची एक मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाही हाच आहे. अडचण एवढीच की बहुतेक रुग्णालयांना यातला एकही आकडा ठाऊक नसतो. अग्निशमनाचा दाखला असतो, आपत्ती व्यवस्थापनाची फाइल असते, वर्षातून एकदा अंगणात फोटोसह ड्रिल होते. पण पहाटे तीन वाजता, रात्रपाळीच्या माणसांच्या जोरावर, लिफ्ट बंद असताना चौथा मजला किती वेळात खाली येईल, हे कुणी घड्याळ लावून पाहिलेले नसते.

हा दुसरा आकडा लोकांच्या कल्पनेपेक्षा फार मोठा निघतो. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण जिन्याने उतरवायचा म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. एक सिस्टर किंवा डॉक्टर अँबू बॅग हाताने दाबत राहणार, मिनिटाला बारा-पंधरा वेळा, एकही ठोका न चुकवता. दुसऱ्याच्या हातात छोटा ऑक्सिजन सिलिंडर. सिरिंज पंपातून रक्तदाबाचे औषध चालू असेल तर तो पंप बॅटरीवर टाकून रुग्णाच्या पायांमध्ये ठेवायचा. लघवीची पिशवी, छातीतला ड्रेन, सलाइन ओढले जाऊ नये म्हणून एक माणूस निव्वळ नळ्या सांभाळायला. आणि उचलायला चार मामा. आपल्याकडच्या कित्येक जुन्या इमारतींत जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतच नाही. मग रुग्णाला चादरीत घ्यायचे आणि चार कोपरे धरून, डोके वर ठेवत, एकेक पायरी उतरायची. असे सात-आठ जण एका रुग्णामागे अडकले की वॉर्डात मागे कोण राहिले? रात्रपाळीला वीस खाटांमागे दोन सिस्टर आणि एक मावशी असतील तर गणित तिथेच कोलमडते. शिवाय खाली उतरवून भागत नाही. खाली रुग्णवाहिका हवी, तीही व्हेंटिलेटरची. पलीकडे खाट हवी. सोबत केसपेपर हवा, नाहीतर कोणते औषध कधी दिले हे पलीकडच्या डॉक्टरला कळणार कसे? शहरातल्या पाच रुग्णालयांच्या योजनांत एकाच कंपनीच्या त्याच दहा रुग्णवाहिका लिहिलेल्या असतात. कागदावर प्रत्येकाची सोय झालेली असते आणि प्रत्यक्ष वेळ आली की कुणाचीच नाही.

हा हिशेब चुकला की काय होते, याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण न्यू ऑर्लिन्सचे. २८ ऑगस्ट २००५ रोजी, कतरिना वादळाच्या आदल्या दिवशी, शहराच्या महापौरांनी सर्वांना शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला. रुग्णालये त्यातून वगळली होती. तिथली रीतच तशी होती: वादळ आले की रुग्णालयाच्या भक्कम इमारतीत आसरा घ्यायचा. मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये दोनशेहून अधिक रुग्ण आणि त्यांच्यासकट सुमारे दोन हजार माणसे होती. २९ तारखेचे वादळ इमारतीने सोसले. नंतर बंधारे फुटले आणि पाणी चढू लागले. जनरेटर होते, पण त्यांची वीज इमारतीत वळवणारे स्विच जमिनीपासून जेमतेम काही फुटांवर. ३१ तारखेच्या पहाटे सगळा अंधार झाला. इथून पुढे सगळे हाताने. हेलिपॅडवर न्यायचे तर रुग्णाला अंधाऱ्या जिन्याने खाली आणायचे, यंत्रखोलीच्या भिंतीतल्या तीन फुटी भगदाडातून पलीकडच्या वाहनतळात सरकवायचे, आणि तिथून पुन्हा वर चढवायचे. उष्णता अंगाची लाही करणारी. १ सप्टेंबरला शेवटची जिवंत माणसे बाहेर पडली. त्यानंतर इमारतीत ४५ मृतदेह मिळाले. काही रुग्णांना मॉर्फिन आणि गुंगीचे औषध देऊन त्यांचा मृत्यू घडवल्याच्या आरोपावरून एका डॉक्टरला आणि दोन परिचारिकांना पुढच्या वर्षी अटक झाली. २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने डॉक्टरवर आरोप ठेवायला नकार दिला. शेरी फिंक यांनी यावर लिहिलेल्या वृत्तलेखाला २०१० चे पुलित्झर मिळाले आणि पुढे त्याचे पुस्तक झाले.

मेमोरियलची चर्चा होते ती त्या इंजेक्शनांची, आणि ती व्हायलाच हवी. पण मला त्या प्रकरणात जास्त महत्त्वाचे वाटतात ते तळमजल्याचे स्विच. पाणी चढले तर ही इमारत विजेविना राहणार, हे वादळाआधी कळण्याजोगे होते. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखालचा. म्हणजे २७ तारखेलाच ‘इमारत किती तास तग धरेल’ याचे उत्तर काढता आले असते. ते उत्तर ‘बंधारे टिकतील तोवर’ असे असते. ते कुणी काढले नाही म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांपुढे नीतिशास्त्राचा पेच उभा राहिला. त्याच शहरातल्या चॅरिटी या मोठ्या सरकारी रुग्णालयातही वीज गेली, तिथे मदत तर आणखी उशिरा पोहोचली, आणि तरीही मृत्यू फार कमी झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांना तुटपुंज्या साधनांत काम करायची सवय होती, पाळ्या नेहमीसारख्या लावल्या जात होत्या, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलात वर्षे काढलेल्या कुणालाही ते पटावे.

सात वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हाच धडा नव्या पुस्तकातून गिरवला गेला. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरिन वादळ येतेय म्हणून सखल भागातली रुग्णालये सक्तीने रिकामी केली होती. वादळ सौम्य निघाले. हजारो रुग्णांची ओढाताण, खर्च, टीका. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सँडी आले तेव्हा अधिकाऱ्यांनी बहुतेक रुग्णालयांना जागीच थांबू दिले. मॅनहॅटनमधले माजी सैनिकांचे रुग्णालय आधीच रिकामे झाले होते. त्याच्या शेजारची बेलव्ह्यू आणि एनवाययू लँगोन थांबली. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री ईस्ट नदीचे पाणी तळघरांत शिरले. दोन्हीकडे जनरेटर वरच्या मजल्यांवर होते, कतरिनाचा धडा घेतल्यासारखे. पण इंधनाच्या टाक्या आणि पंप खालीच. एनवाययूतून त्याच रात्री तीनशेहून अधिक रुग्ण जिन्याने उतरवले गेले. त्यात नवव्या मजल्यावरच्या अतिदक्षता कक्षातली २० नवजात बाळे होती. परिचारिकांनी ती कवेत घेऊन, टॉर्चच्या उजेडात, ज्यांना गरज होती त्यांना हाताने श्वास देत खाली आणली. बेलव्ह्यूत जनरेटर तेराव्या मजल्यावर. कर्मचाऱ्यांनी आणि सैनिकांनी जिन्यावर रांग करून डिझेलचे डबे हातोहात वर पोहोचवले. दोन दिवस असे चालवल्यावर तिथलेही सातशेच्या वर रुग्ण हलवावेच लागले.

एनवाययूत त्या रात्री एकही रुग्ण दगावला नाही. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ती आहेही तशी. मात्र तिच्यामुळे एक चुकीचा निष्कर्ष सोयीचा होऊन बसतो, की शेवटच्या क्षणीही जमते. एनवाययूकडे माणसे होती, दारात रुग्णवाहिकांची रांग लागली होती, आणि त्याच शहरात कोरडी, उजेड असलेली मोठी रुग्णालये काही मैलांवर होती. चिपळूणसारख्या लहान शहरात यातले काय असते?

सँडीच्या निर्णयामागे आयरिनची सावली होती, हे विसरून चालणार नाही. वादळाचा अंदाज चुकला म्हणून निर्णय चुकला, असे आपण सहज बोलून जातो. पण ज्या माहितीवर निर्णय घेतला त्या माहितीला तो धरून होता का, एवढेच विचारता येते. रिकामे केलेले रुग्णालय शेवटी सुरक्षित राहिले, तर ते विम्याचा हप्ता फुकट गेल्यासारखे आहे; गेला तर गेला. ज्या व्यवस्थेत असे रुग्णालय रिकामे करणारा अधिकारी चेष्टेचा विषय होतो, तिथे पुढचा अधिकारी थांबतोच.

इथवर वाचून वाटेल की लवकर हलवणे हेच शहाणपण. फुकुशिमा त्याला छेद देते. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर दाइची अणुप्रकल्पाभोवतीचा प्रदेश टप्प्याटप्प्याने रिकामा करण्याचे आदेश निघाले. प्रकल्पापासून साडेचार किलोमीटरवर ओकुमा गावात फुताबा रुग्णालय होते. रुग्ण बहुतेक वृद्ध, मनोरुग्ण, अंथरुणाला खिळलेले. चालू शकणारे दोनशेहून अधिक रुग्ण १२ तारखेला बसने निघाले. उरलेल्यांसाठी वाहने आली ती १४ तारखेला. एका बसचा प्रवास सुमारे २३० किलोमीटरचा आणि दहा तासांहून जास्त झाला, कारण किरणोत्साराची तपासणी, बंद रस्ते, आणि घ्यायला तयार नसलेली ठिकाणे. सलाइन नाही, पाणी नाही, आडवे व्हायला जागा नाही. शेवटी त्यांना एका शाळेच्या व्यायामशाळेत उतरवले. फुताबा आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातले मिळून चाळीसहून अधिक जण या प्रवासात आणि त्यानंतरच्या दिवसांत गेले. किरणोत्साराने त्यातला एकही नाही. वर प्रशासनाने सुरुवातीला जाहीर केले की कर्मचारी रुग्णांना टाकून पळाले. ते पुढे खोटे ठरले, पण बोभाटा व्हायचा तो होऊन गेला.

याच परिसरातल्या मिनामिसोमा शहरातल्या पाच वृद्धाश्रमांचा पुढे अभ्यास झाला. स्थलांतरित ३२८ वृद्धांपैकी ७५ वर्षभरात वारले. आपत्तीपूर्व काळाच्या तुलनेत मृत्यूचा धोका २.७ पट झाला होता. लक्षात घेण्याजोगे असे की सगळ्या आश्रमांत तो सारखा वाढला नव्हता. कसे हलवले आणि पुढे कुणी सांभाळले, यावर बरेच अवलंबून होते. आजोबांना भात किती मऊ लागतो, कोणत्या कुशीवर वळवले की खोकला येतो, हे ज्या सेविकेला ठाऊक असते, ती सोबत गेली नाही तर ते ज्ञान मागेच राहते. केसपेपरवर ते लिहिलेले नसते.

अमेरिकेतही कतरिनानंतर तीन आठवड्यांनी रिटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम बाहेर पडले. महामार्ग तुंबले. त्या गर्दीत, उकाड्यात, डॅलसजवळ एका वृद्धाश्रमाच्या बसला आग लागली, आतल्या ऑक्सिजन सिलिंडरांनी ती भडकली, आणि २३ वृद्ध जळून गेले. वादळापेक्षा पळापळीनेच तेव्हा जास्त माणसे मारली.

मग हलवायचे की थांबायचे? आपत्तीची जात कोणती, यावर उत्तर बरेच ठरते. अदृश्य आणि सावकाश मारणाऱ्या धोक्यात, म्हणजे किरणोत्सार किंवा दूरवरच्या वायुगळतीत, खिडक्या बंद करून आत थांबणे आणि नीट तयारीने नंतर निघणे अनेकदा बरे. त्यासाठी बाहेरून अन्न, औषध आणि पाळी बदलायला माणसे पोहोचत राहिली पाहिजेत. फुताबात नेमके तेच थांबले होते. उष्णतेची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमाचे वातानुकूलन बंद पडले. आश्रमाकडे वीज होती, छप्पर शाबूत होते, पाणी होते. फक्त उकाडा. तीन दिवसांत माणसे मरू लागली, एकूण बारा गेली. रस्त्याच्या पलीकडे मोठे, चालू, गार रुग्णालय होते! इथे कुणाला दोनशे किलोमीटर जायचे नव्हते. रस्ता ओलांडायचा होता. संकट जेव्हा धाडकन न येता अंशाअंशाने चढते, तेव्हा ‘आता हलू’ म्हणण्याचा क्षण कधी येतच नाही.

आग हा अगदी निराळा प्रकार. तिथे तास नाहीत, मिनिटे आहेत, आणि मारतो तो धूर. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहनांसाठीच्या त्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवलेले होते. धूर वातानुकूलनाच्या नळांतून वर चढला. इमारत काचेने बंद केलेली, त्यामुळे तो बाहेर पडेना. नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक गुदमरून. शेजारच्या वस्तीतली पोरे मदतीला धावली तर सुरक्षारक्षकांनी त्यांना परत पाठवल्याचे आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवल्याचे आरोप झाले. नंतर हीच पोरे बांबूंच्या शिड्या लावून, काचा फोडून आत शिरली. आधी घरच्या घरी निपटू, उगाच बोभाटा नको, ही वृत्ती आगीत सर्वांत महाग पडते.

महाराष्ट्राला २०२१ या एका वर्षाने हे पुन्हा पुन्हा दाखवले. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात रात्री आग लागून १० बाळे गेली. शेजारच्या विभागातली ७ वाचवता आली. मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये नागपूर आणि विरार. विरारला पहाटे अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्याच दिवशी तेराचा आकडा आला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, तेही दिवसाउजेडी, कोविडच्या अतिदक्षता विभागात ११ जण गेले. बहुतेक वेळा ठिकाण तेच: जिथे रुग्ण स्वतः हलू शकत नाही, जिथे ऑक्सिजन भरपूर आहे आणि जिथे यंत्रांना चोवीस तास उसंत नाही, तो कक्ष.

अशा वेळी ‘इमारत रिकामी करायची का’ हा प्रश्नच चुकीचा असतो. त्याच मजल्यावर, आगरोधक दरवाजाच्या पलीकडे, सरळ आडवे सरकायचे, जिना नंतर. खाटेला चाके असतात, जिन्यात ती निरुपयोगी, मजल्यावर मात्र एक सिस्टर एकटी खाट ढकलू शकते. जगभरच्या रुग्णालयबांधणीचे नियम मजल्याचे असे कप्पे पाडायला सांगतात, आपली राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. पण त्या दरवाजापुढे जुन्या खाटा, सलाइनची खोकी आणि कुणाची तरी दुचाकी लावलेली असेल, किंवा चोरीच्या भीतीने त्याला कुलूप असेल, तर संहिता काय करणार? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. यंत्रणा म्हणजे नळ, पंप, भोंगे. कुलपाची किल्ली रात्री कुणाकडे असते, ते मात्र तिथे जाऊनच विचारावे लागते. आगीत निर्णय घेणारी व्यक्ती एकच असू शकते, जिला धूर पहिल्यांदा दिसला ती. तिने निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन लावून परवानगी मागायची असेल तर खेळ संपला.

आता आधी कुणाला? कॅलिफोर्नियात १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थ्रिज भूकंपानंतर ९१ रुग्णालयांपैकी ८ रिकामी झाली. त्यातली ६ पहिल्या चोवीस तासांत. बहुतेकांनी अत्यवस्थ रुग्ण आधी काढले. एका ठिकाणी मात्र इमारत कोसळेल अशी भीती होती, तिथे धडधाकट आधी निघाले. त्या स्थलांतरांत कुणी दगावल्याची नोंद नाही. दोन्ही क्रम बरोबर होते. वेळ हाताशी आहे, वीज आहे, माणसे ताजी आहेत, तर ज्यांना सर्वांत जास्त यंत्रे आणि हात लागतात त्यांना आधी काढावे, कारण पुढे ते हात उरणार नाहीत. वेळच नसेल तर एका माणसाच्या मागे वीस चालणारे निघतात, तेच आधी. मेमोरियलमध्ये सर्वांत आजारी, आणि ‘हृदय थांबल्यास पुन्हा चालू करू नये’ अशी नोंद असलेले रुग्ण शेवटी ठेवले गेले. ती नोंद एका विशिष्ट प्रसंगापुरती असते. आपत्तीच्या धांदलीत तिचा अर्थ ‘हे गेले तरी चालतील’ असा होऊन बसला. आपल्याकडे अशी लेखी नोंद फार क्वचित असते. नातेवाइकांची आरडाओरड, ओळख आणि खासगी खोलीचे भाडे हा क्रम ठरवू लागेल, अशी भीती मला जास्त वाटते.

भूकंपाबद्दल एवढेच, की तिथे रुग्णालय अनेकदा भिंती शाबूत असूनही निकामी होते. लॉस एंजेलिसचे ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडले, म्हणून ते भक्कम करून पुन्हा बांधले. १९९४ मध्ये सांगाडा खरेच टिकला. पण आतल्या पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी झाले, आणि ते रिकामे करावे लागले. भूजमध्ये २६ जानेवारी २००१ ला सिव्हिल हॉस्पिटलच कोसळले होते, तिथे प्रश्नच उरला नाही. नवे रुग्णालय शिसे आणि रबराच्या टेकूंवर बांधले आहे, जेणेकरून हादरा इमारतीत चढू नये.

पुराचा विचार महाराष्ट्राला सर्वांत जवळचा, आणि आशाही इथेच जास्त, कारण पूर बहुतेकदा सांगून येतो. सांगलीत कृष्णेचे पाणी लोक आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्नच्या वर गेले. कोल्हापुरात तेच काम राजाराम बंधाऱ्याची पातळी करते. कोयनेतून किती विसर्ग सुटला हे कळल्यापासून पाणी पुलाशी पोहोचेपर्यंत तास मिळतात. मग रुग्णालयाने ‘परिस्थिती पाहून निर्णय घेऊ’ असे का लिहावे? अमुक फुटांना नव्या भरत्या बंद, ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे. तमुक फुटांना व्हेंटिलेटर आणि डायलिसिसचे रुग्ण मिरजेला किंवा वरच्या भागात. आणखी दोन फुटांना सगळे. आकडे प्रत्येकाने आपल्या जनरेटरच्या उंचीवरून काढायचे. असे लिहून ठेवले की रात्री दोन वाजता निर्णयाचा भार एका माणसाच्या छातीवर येत नाही. पुलावरचे पाणीच निर्णय घेते.

चिपळूणला हे इतके सरळ नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी काही तासांत चढले. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात वीज गेल्यानंतर आठ रुग्ण दगावले. तिथे हलवायला ना वेळ होता ना रस्ता. चेन्नईतही डिसेंबर २०१५ च्या पुरात अड्यार नदीजवळच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाचे जनरेटर बुडाले आणि अतिदक्षता विभागातल्या १८ मृत्यूंवरून वाद झाला. रुग्णालयाचे म्हणणे, ते आजारानेच गेले. अशा झपाट्याने चढणाऱ्या नद्यांकाठी आधीच वर सरकणे एवढाच उपाय उरतो: तळमजल्यावर अतिदक्षता विभाग नको, स्विच आणि इंधनाचे पंप पूररेषेच्या वर, आणि जुलै-ऑगस्टच्या लाल इशाऱ्यात व्हेंटिलेटरचा रुग्ण ठेवून घ्यायचा की रत्नागिरी-कराडला पाठवायचा, याचा विचार भरती करतानाच. शेवटच्या मुद्द्यावर डॉक्टर नाराज होतील. चार-पाचदा रुग्ण उगाच पाठवला जाईल, हेही खरे.

राहता राहिला अधिकार. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता. खासगीत संचालक किंवा मालक. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही आपत्कालीन नेतृत्वाची रचना आहे. पण रात्री यांपैकी कुणीही जागेवर नसते. असते ती रात्रपाळीची इनचार्ज सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर. दोघांनाही उद्याच्या ‘कुणाला विचारून केलेत?’ या प्रश्नाची भीती धुरापेक्षा जास्त वाटावी, अशी आपल्या व्यवस्थेची घडण आहे. भंडाऱ्यानंतर परिचारिकांवर कारवाई झाली. वायरिंग आणि यंत्रांच्या देखभालीचा जाब त्या मानाने धूसर राहिला. कक्ष, मजला आणि इमारत असे तीन टप्पे करून, पहिल्या दोन्हींचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला लेखी द्यावा आणि चुकीच्या सावधगिरीबद्दल शिक्षा नाही, हेही त्याच कागदावर असावे, असे माझे मत आहे.

मालकांची भीती वेगळी, आणि ती नुसती हाव म्हणून उडवून लावता येत नाही. रिकामे केलेले रुग्णालय परत कधी उघडेल याची खात्री नसते. नॉर्थ्रिजनंतर रिकाम्या झालेल्यांपैकी चार इमारती कायमच्या निकालात निघाल्या. एनवाययूने रुग्ण पुन्हा दाखल करून घ्यायला डिसेंबर अखेर उजाडली, बेलव्ह्यू पूर्ण चालू व्हायला फेब्रुवारी २०१३. न्यू ऑर्लिन्सचे चॅरिटी पुन्हा उघडलेच नाही; त्याच्या जागी नवे रुग्णालय उभे राहायला २०१५ साल लागले, आणि मधली दहा वर्षे शहरातले गरीब दुसरीकडे हेलपाटे घालत राहिले. तालुक्याच्या गावी पन्नास खाटांचे रुग्णालय कर्ज काढून चालवणारा डॉक्टर पुराच्या इशाऱ्यावर सगळे रुग्ण सरकारी रुग्णालयात पाठवतो, पाणी पायरीशी येऊन ओसरते, आणि आठवडाभराचे उत्पन्न, शिवाय ‘डॉक्टर घाबरले’ ही गावातली चर्चा, दोन्ही त्याच्याच खात्यावर. त्या आठवड्याचे पैसे विम्याने द्यायचे, सरकारने की कुणीच नाही, हे ठरत नाही तोवर त्याची योजना कपाटातच राहील.